ठसा आधी, वाचन नंतर

(नाशिकमध्ये दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती कमी केली आहे. शेवटी दोन प्रश्नोत्तरं जोडली आहेत.)



विषय कळल्यावर एका मित्राने मला विचारलं, "फ्लॉपी? त्या आता उरल्यात तरी कुठे?" मी म्हटलं, तुझ्याच माळ्यावर बघ. (हशा) खरंच सांगतो, नव्वदच्या दशकात ज्यांनी पुस्तक छापलं, प्रबंध लिहिला, संस्थेचा अहवाल टाइप करून घेतला, त्यांच्या घरी एखादा तरी प्लास्टिकचा डबा निघतो. प्रश्न त्या डब्याचं काय करायचं हा आहे. तो सोडवण्याची एक पद्धत गेल्या काही वर्षांत फार वाखाणली जाते. फ्लॉपीवरच्या फाइली न उचलता तिचा कच्चा चुंबकीय संकेतच टिपून ठेवायचा आणि त्यावरून जुना संगणक आजच्या संगणकावर जिवंत करायचा. या पद्धतीची आज समीक्षा करायची आहे. तिच्या बाजूने मला बरंच बोलायचं आहे, आणि तिच्याबद्दल केल्या जाणाऱ्या एका दाव्याच्या विरुद्धही.

सुरुवात पांडवलेण्यांपासून करतो. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा मोठा शिलालेख आहे, दहाव्यात उषवदाताचे लेख आहेत. हे लेख अभ्यासकांपर्यंत कसे पोचले? सुरुवातीच्या मंडळींनी दगडासमोर बसून हाताने नकला काढल्या. दिसलं ते काढलं, कळलं नाही ते अंदाजाने काढलं. पुढे भगवानलाल इंद्रजींनी हे लेख वाचले. त्यांचं वाचन १८८३ च्या नाशिक गॅझेटिअरमध्ये आहे. १९०५-०६ च्या 'एपिग्राफिया इंडिका'च्या आठव्या खंडात एमिल सेनार यांनी ते पुन्हा संपादित केले, तेव्हा वाचनाच्या जोडीला ठशांची चित्रंही छापली. ठसा म्हणजे काय, तर ओला कागद दगडावर ब्रशने ठोकून बसवायचा आणि वरून शाई फिरवायची. ठसा घेणाऱ्याला ब्राह्मी यावीच लागते असं नाही. उलट, येत नसेल तर बरंच! कारण त्याच्या ठशात तडा हा तडा म्हणूनच येतो. हाताच्या नकलेत तड्याचं अक्षर होतं, नाहीतर अक्षराचा तडा.

वाचन चुकलं, तर ठसा समोर ठेवून शंभर वर्षांनीही कुणी ते दुरुस्त करू शकतो. ठसा नसेल तर वाचणाऱ्याची चूक हाच आपला इतिहास होतो. हे डोक्यात ठेवा. आता फ्लॉपीकडे येऊ.

फ्लॉपीवर लिहिलेलं असतं तरी काय

साडेतीन इंची, १.४४ एमबीची नेहमीची फ्लॉपी घ्या. आत एक लवचिक चकती. तिच्या प्रत्येक बाजूला ८० वर्तुळं, त्यांना ट्रॅक म्हणायचं. प्रत्येक ट्रॅकचे १८ तुकडे, म्हणजे सेक्टर. प्रत्येक सेक्टरमध्ये ५१२ बाइट. गुणाकार केला की १४,७४,५६० बाइट होतात. चकती मिनिटाला ३०० फेरे घेते, म्हणजे एका फेरीला ०.२ सेकंद.

आता महत्त्वाची गोष्ट. चकतीवर शून्य आणि एक असं काही लिहिलेलं नसतं. असतात त्या चुंबकत्वाच्या पलट्या. हेडखालून पलटी गेली की तारेत एक छोटा ठोका उमटतो. सगळी माहिती असते ती दोन ठोक्यांमधल्या वेळात. या फ्लॉपीत ते अंतर तीनच प्रकारचं अपेक्षित आहे: २, ३ किंवा ४ मायक्रोसेकंद. तबल्याचा ठेका ऐकून बोल ओळखावेत, तसा फ्लॉपी कंट्रोलर या अंतरांवरून बिट ओळखतो.

पण चकती जुनी, हेड झिजलेलं, मोटर किंचित मंद. अशा वेळी अंतर अडीच मायक्रोसेकंद आलं तर? कंट्रोलरला "मला नक्की कळलं नाही" असं म्हणण्याची सोय नाही. तो दोन तरी म्हणतो, नाहीतर तीन. मग सेक्टरच्या शेवटी १६ बिटांची एक पडताळणी-संख्या असते, सीआरसी, ती जुळते का बघतो. जुळली तर ठीक, नाहीतर पडद्यावर येतं: अबॉर्ट, रिट्राय, इग्नोअर, फेल? ज्यांनी डॉसवर काम केलं आहे, त्यांच्या पोटात ते वाचून अजून गोळा येत असेल.

म्हणजे नकलेच्या इथेही तीन पायऱ्या झाल्या. पहिली, फाइल कॉपी करणं. ही हाताने काढलेली नक्कल. दुसरी, सगळे सेक्टर ओळीने उचलून एक इमेज फाइल करणं, हे वाचन. यात फाइलींच्या मागची रिकामी जागा, खोडलेल्या फाइलींचे अवशेषही येतात, त्यामुळे ती फाइल-कॉपीपेक्षा कितीतरी चांगली. आणि तिसरी, कंट्रोलरला बाजूला ठेवून दोन ठोक्यांमधलं प्रत्येक अंतर जसंच्या तसं मोजून लिहून ठेवणं. हा ठसा.

यासाठी लागणारं यंत्र अगदी साधं आहे. जुना फ्लॉपी ड्राइव्ह, आणि तो यूएसबीला जोडणारा एक छोटा बोर्ड. किअर फ्रेझर यांनी केलेला ग्रीसवीझल हा त्यातला आज फार वापरला जाणारा. तो सेकंदाला ७ कोटी २० लाख वेळा घड्याळ बघतो, त्यामुळे दोन ठोक्यांमधलं अंतर अतिशय बारीक मोजता येतं. त्याआधीचे क्रायोफ्लक्स, सुपरकार्ड प्रो हेही याच जातीचे. भरलेल्या ट्रॅकवर एका फेरीत साधारण ७५ हजार पलट्या असतात. १६० ट्रॅकच्या मिळून एक कोटी वीस लाख. प्रत्येक ट्रॅकच्या तीन फेऱ्या टिपल्या, तर दीड एमबीच्या फ्लॉपीचा ठसा सत्तरेक एमबीचा होतो. वेळ किती? १६० गुणिले ३ गुणिले ०.२, म्हणजे ९६ सेकंद. हेड सरकवण्याचा वेळ धरून दोन मिनिटं.

माझी चूक

दोन मिनिटं. हा आकडा मला बोचतो, आणि का, ते सांगायला हवं.

माझे मामा दिंडोरी तालुक्यात शिक्षक होते. सुट्टीत गावोगाव फिरून ते म्हाताऱ्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या लिहून घ्यायचे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या चमूने असा लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह उभा केला, तो आज 'परी'च्या संकेतस्थळावर आहे. मामांचं काम त्यापुढे मूठभर. पण त्या गावांतलं, त्या बायकांचं ते तेवढंच. १९९६ मध्ये त्यांनी पदरचे पैसे घालून एका डीटीपीवाल्याकडून ते टाइप करून घेतलं. नऊ फ्लॉपी झाल्या. पुस्तक काही निघालं नाही. वह्या पुढे वाळवीने खाल्ल्या.

२००३ मध्ये मी मामांना म्हटलं, "आणा इकडे, मी सीडीवर करून देतो." घरात कॉम्प्युटर कळणारा मी एकटा. चार फ्लॉपींनी मध्येच खरखर केली आणि पडद्यावर तो प्रश्न आला. मी इग्नोअर दाबलं. कॉपी पुढे सरकली, फाइल झाली, आकारही बरोबर दिसला. मी खूश. दिवाळीच्या साफसफाईत सात फ्लॉपी रद्दीवाल्याला गेल्या. दोन मामींच्या शिवणाच्या डब्यात राहून गेल्या, एवढंच नशीब.

मामा गेल्यावर मी फाइली नीट उघडल्या. चार फाइलींत मध्ये मध्ये भलताच मजकूर होता. एका सेक्टरमध्ये पाच-सहा ओव्या मावतात. मी इग्नोअर दाबलं तेव्हा दर वेळी पाच-सहा ओव्या गेल्या, आणि त्या कुठे गेल्या याची खूणही फाइलीत राहिली नाही.

फ्लॉपी खराब होत्या, यात माझा दोष नाही. माझा दोष हा, की मी वाचनालाच ठसा समजलो आणि दगड फेकून दिला.

इमेज फाइलला शंका घेता येत नाही

या अनुभवातून मी सेक्टर-इमेजवरच्या माझ्या मुख्य आक्षेपाकडे येतो. साध्या इमेज फाइलमध्ये सेक्टर एकामागे एक ठेवलेले असतात. बस. "हा सेक्टर वाचताना तीनदा तीन उत्तरं आली" असं लिहायला तिथे जागाच नाही. वाचता न आलेल्या सेक्टरच्या जागी प्रोग्राम शून्यं भरतो किंवा ठरावीक बाइट भरतो. पुढच्या माणसाला ती शून्यं मूळचीच वाटतात. शिलालेखाच्या संपादनात फुटलेल्या जागी लावलेली अक्षरं चौकटी कंसात टाकतात, का? वाचणाऱ्याला कळावं, की हे दगडावर नाही, संपादकाने लावलेलं आहे. इमेज फाइलला कंसच नाही.

कच्च्या संकेतात मात्र शंका आपोआप टिकते. अडीच हे अडीच म्हणूनच राहतं. तीन फेऱ्यांत तीन वेगळी अंतरं आली, तर तिन्ही राहतात.

आणि कधी कधी ती शंका हाच मूळ मजकूर असतो, बरं का! १९८७ चा अटारी एसटीवरचा 'डंजन मास्टर' हा खेळ घ्या. त्याच्या फ्लॉपीवर काही बिट मुद्दाम सीमारेषेवर लिहिले होते, दर वेळी वाचताना वेगळे यावेत म्हणून. खेळ ते पुन्हा पुन्हा वाचायचा. दर वेळी सारखेच आले तर समजायचा, की ही नक्कल आहे. अशा फ्लॉपीची सेक्टर-इमेज कितीही निर्दोष असली तरी ती खोटी, कारण तिने अनिश्चिततेला निश्चित करून टाकलं. म्हणून तर जुन्या खेळांच्या ज्या प्रती एम्युलेटरवर फिरत आल्या, त्यांतल्या कितीतरी कुलूप तोडलेल्या प्रती आहेत. तोडणाऱ्याने कोड बदलला, सुरुवातीला स्वतःची जाहिरात घातली, आणि तीच प्रत लोक 'मूळ खेळ' म्हणून खेळतात. संहितेच्या अभ्यासकाने असं केलं असतं, तर आपण त्याला उभं केलं नसतं.

परदेशातलं नको, घरातलं उदाहरण घ्या. 'जोशी'. आडनाव नाही, व्हायरस. १९९० मध्ये तो भारतात सापडल्याची नोंद आहे. ५ जानेवारीला मशीन अडवून बसायचा आणि 'हॅपी बर्थडे जोशी' टाइप करायला लावायचा. (हशा) आपल्या भागातल्या संगणकाच्या इतिहासात व्हायरसचं प्रकरण छोटं नाही; पुण्यात काटकर बंधूंचं क्विक हील नव्वदच्या दशकात उभं राहिलं ते याच काळात. तर हा जोशी राहायचा कुठे? ३६० केबीच्या फ्लॉपीला ४० ट्रॅक, क्रमांक ० ते ३९. जोशी त्यापलीकडे आणखी एक ट्रॅक स्वतः फॉरमॅट करायचा आणि तिथे बस्तान मांडायचा. सरकारी यादीत नसलेली खोली! नेहमीचा इमेज-प्रोग्राम ४० ट्रॅक वाचून थांबतो. म्हणजे बाधित बूट सेक्टर तेवढा येतो आणि व्हायरसचं बाकीचं शरीर मागे राहतं. ठसा घेणारा हेड आणखी दोन-तीन पावलं आत सरकवतो, तेव्हा जोशीबुवा सापडतात.

तिसरं कारण अगदी व्यवहाराचं. १९८४ च्या क्लास प्रकल्पातून आपल्याकडच्या शाळांत बीबीसी मायक्रो आले. त्यांच्या फ्लॉपीची नेहमीची नोंदणी जुन्या एफएम पद्धतीची. पीसीचे बरेचसे कंट्रोलर ती वाचतच नाहीत. अमिगाची फ्लॉपीही पीसीला कळत नाही. ठसा घेणाऱ्या बोर्डाला मात्र लिपीशी देणंघेणं नाही. आज ठसा घ्या, लिपी उद्या लावा.

आता दुसरी बाजू

इथवर मी वकिली केली. आता जो दावा मला मान्य नाही, तो सांगतो. या क्षेत्रातली उत्साही मंडळी म्हणतात, की कच्चा संकेत घेतला म्हणजे सगळं घेतलं, आता मूळ फ्लॉपी गेली तरी चालेल. नाही चालणार. तीन कारणं देतो.

पहिलं, 'कच्चा' हा शब्दच सैल आहे. बोर्डाकडे येतो तो ठोका आधीच ड्राइव्हच्या आतल्या सर्किटने ठरवलेला असतो. हेडमधून निघते ती चढउताराची लाट. ड्राइव्ह ती मोठी करतो, तिचं शिखर शोधतो आणि "आत्ता" एवढंच सांगतो. शिखर केवढं उंच होतं, ते सांगत नाही. गोदेला पूर आला, की दुतोंड्या मारुती कुठवर बुडाला यावरून आपण पूर मोजतो. समजा, मारुतीच्या कमरेला पाणी कधी लागलं याच्या वेळा आपण काटेकोर लिहून ठेवल्या, पण पाणी चढलं किती हे लिहिलंच नाही. कच्चा संकेत असा आहे. वेळा नेमक्या, उंची गायब. आणि जिथे लाट फारच क्षीण असते, तिथे ड्राइव्ह आवाज वाढवत नेतो आणि नुसत्या खरखरीलाही ठोका म्हणतो. शाईच्या ठशात अक्षराची खोली येत नाही, तसंच हे.

दुसरं, ठसा कुणी आणि कशाने घेतला, यावर तो बदलतो. सव्वापाच इंची फ्लॉपीचं उदाहरण आपल्याकडच्या जुन्या कार्यालयांना अगदी लागू आहे. ३६० केबीच्या ड्राइव्हचं हेड रुंद, १.२ एमबीच्या ड्राइव्हचं अरुंद. जुन्या मशीनवर लिहिलेली फ्लॉपी नव्या मशीनवर पुन्हा लिहिली, की रुंद पट्ट्याच्या मध्ये नवा मजकूर आणि दोन्ही कडांना जुन्याचे अवशेष. पाटी ओल्या फडक्याने पुसली तरी कडेला कालचं गणित राहतं, तसं. रुंद हेडने वाचलं तर दोन्हींची सरमिसळ येते, अरुंद हेडने वाचलं तर नवं स्वच्छ मिळतं पण जुनं हरवतं. यातला खरा ठसा कोणता? दोन्ही. म्हणून ड्राइव्ह कोणता, फेऱ्या किती, तारीख काय, हे ठशासोबत लिहिलं नसेल, तर तो ठसाही अर्धाच.

तिसरं कारण मला सर्वांत गंभीर वाटतं, कारण मी स्वतः त्या मोहात पडलो होतो. मामींच्या डब्यातल्या दोन फ्लॉपींपैकी एक त्या चार खराबांमधली निघाली. मी आनंदाने नाचायचाच बाकी होतो. मी पाच-पाच फेऱ्यांचा ठसा घेतला. पीसीने नाकारलेले जवळजवळ सगळे सेक्टर कुठल्या ना कुठल्या फेरीत स्वच्छ वाचले गेले. एक मात्र वाचेना. त्यात १७ बिट संशयित होते. मी विचार केला, प्रत्येक जुळणी करून बघू, सीआरसी जुळली की झालं.

आता हिशोब बघा. १७ बिटांच्या जुळण्या होतात १,३१,०७२. सीआरसी १६ बिटांची, म्हणजे तिची शक्य मूल्यं ६५,५३६. याचा अर्थ, सरासरी दोन जुळण्या निव्वळ योगायोगाने 'बरोबर' ठरणार. संगणक मला हिरवी खूण दाखवेल आणि मी मामांच्या तोंडी अशी ओवी घालेन, जी कुठल्याच बाईने म्हटलेली नाही. पडताळणीची संख्या पडताळणीसाठी असते. तिच्यावरून मजकूर गाळून काढायला लागलो, की ती साक्षीदार राहत नाही, आपली साथीदार होते. त्या सेक्टरच्या जागी मी कंस टाकला आहे. आत लिहिलं आहे: वाचता आलं नाही.

ठशाच्या फाइलीचं स्वरूप कुणाच्या ताब्यात आहे, हाही प्रश्न आहेच. क्रायोफ्लक्सचं काम नावाजलेलं आहे, पण त्याचं सॉफ्टवेअर बंदिस्त आणि संस्थांसाठी परवान्याच्या अटी वेगळ्या. ग्रीसवीझल सर्वांना मोकळा. ठसा पन्नास वर्षांनी वाचायचा असेल, तर त्याचं व्याकरण उघड असलं पाहिजे. छोट्या गावातल्या वाचनालयाला परवानगीचं पत्र पाठवत बसायला लागू नये.

बिटांपासून अक्षरांपर्यंत

बरं, समजा सगळे बिट बिनचूक मिळाले. मराठी वाचता आली का? इथे आपली गोष्ट इंग्रजीपेक्षा वेगळी होते, आणि परदेशी मंडळींच्या लिखाणात ती येत नाही.

इंग्रजी फाइल मिळाली, की अक्षरं मिळालीच. मामांची फाइल मी उघडली, तर पडद्यावर रोमन अक्षरं, वर टिंबं, उद्गारचिन्हं, पाउंडाची खूण. कारण नव्वदच्या दशकातल्या आपल्या डीटीपीमध्ये देवनागरी ही बहुतेक वेळा फॉन्टची किमया होती. 'अ'साठी कोणता आकडा, वेलांटीसाठी कोणता, हे प्रत्येक फॉन्टवाल्याने आपापलं ठरवलेलं. श्रीलिपी वेगळी, आकृती वेगळी. खरं तर सरकारमान्य प्रमाण होतं: इस्की, आयएस १३१९४, वर्ष १९९१. युनिकोडमधली देवनागरीसुद्धा इस्कीच्या आधीच्या आवृत्तीवर बेतलेली. पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड पीसीत बसवलं, की डॉसच्या साध्या प्रोग्राममध्येही देवनागरी उमटायची. पण छपाईच्या बाजारात चालले ते फॉन्टच.

त्यामुळे मराठी फ्लॉपीला एम्युलेटर लागतो तो हौसेसाठी नव्हे. मजकूर ज्या पॅकेजमध्ये टाइप झाला, ते पॅकेज, तोच फॉन्ट, तीच विंडोज पुन्हा उभी केली तर जोडाक्षर मुळात कसं दिसत होतं हे कळतं. नाहीतर कन्व्हर्टर 'र्‍या'चा 'र्या' करतो आणि ओवीचा उच्चारच बिघडतो. आणि इथेच कच्च्या संकेताची मर्यादा उघडी पडते. बरीच पॅकेजं हार्डवेअर लॉकशिवाय चालत नसत. मशीनच्या मागे पोर्टला लावायचं ते छोटं कुलूप फ्लॉपीवर नाही. कार्डवरच्या चिपमधली अक्षरं फ्लॉपीवर नाहीत. सत्तर एमबीचा निर्दोष ठसा हातात घेऊन माणूस बंद दारासमोर उभा!

म्हणून मी म्हणतो, ठसा ही अट आहे, पूर्तता नाही. फ्लॉपी, पॅकेज, फॉन्ट आणि टाइप करणाऱ्याची आठवण, हे चार मिळून एक मराठी मजकूर होतो. शालिमारला, रविवार कारंजावर ज्यांनी रात्र रात्र जागून ही अक्षरं बसवली, ते ऑपरेटर आज साठीच्या आसपास आहेत. कोणत्या कामाला कोणता फॉन्ट वापरला, हे त्यांच्या डोक्यात आहे. तो ठसा कुठल्याच बोर्डाने घेता येत नाही. चहा पाजून, बसून घ्यावा लागतो.

वेळ थोडाच आहे. सोनीने जपानमधली फ्लॉपीची विक्री मार्च २०११ मध्ये थांबवली. जुने ड्राइव्ह झिजत चालले आहेत. आणि आपल्याकडे पावसाळा आहे. बुरशी लागलेली चकती ड्राइव्हमध्ये घातली, की पहिल्याच फेरीत ती ओरखडते, वर हेड घाण होऊन पुढची चांगली चकतीही जाते. तेव्हा डबा उघडलात, तर आधी उजेडात चकती बघा. साडेतीन इंचीची खिटी सरकवून खिडकी उघडी करा, सव्वापाच इंचीच्या कडेची खाच चिकटपट्टीने बंद करा, म्हणजे चुकून लिहिलं जाणार नाही. लेबलचा फोटो काढा. मग ठसा घ्या. वाचन सावकाश होऊ द्या.

प्रश्नोत्तरांतून

प्रश्न: सर, आमच्या संस्थेकडे दोनेकशे फ्लॉपी आहेत. बऱ्याचशा अजून नीट उघडतात. सगळ्यांचा ठसा घेण्याची खरंच गरज आहे का?

उत्तर: प्रामाणिकपणे सांगायचं तर, साधी डॉसची फ्लॉपी असेल आणि सगळे सेक्टर पहिल्या झटक्यात जुळत असतील, तर तिच्या मजकुरासाठी सेक्टर-इमेज पुरते. अडचण एवढीच, की 'पहिला झटका' हाच शेवटचा ठरू शकतो. म्हणून क्रम उलटा ठेवा. आधी ठसा, त्यातूनच इमेज काढा. फ्लॉपी पुन्हा फिरवायला नको. इमेज स्वच्छ निघाली आणि जागा कमी असेल, तर कोणते ठसे जपायचे ते मग ठरवा. आणि एक सांगतो. यात खोडलेल्या फाइलीही परत येतात. कुणाचं खासगी पत्र, कुणाच्या पगाराचा तक्ता. ते उघडण्याआधी, ज्यांचं आहे त्यांना किंवा त्यांच्या घरच्यांना विचारा. ठसा घेण्याचा हक्क आणि वाचण्याचा हक्क, हे दोन वेगळे.

प्रश्न: तुमच्या मामांच्या ज्या ओव्या गेल्या, त्या आता एआयकडून भरून घेता येणार नाहीत का? बाकीच्या ओव्या आहेतच की नमुन्याला.

उत्तर: येतील, आणि चांगल्याही जमतील. तीच तर भीती आहे. जात्यावरच्या ओवीचा साचा इतका पक्का असतो, की कुठलंही यंत्र तशी ओवी रचेल आणि आपल्याला ती गोड लागेल. पण त्या बाईने त्या दिवशी काय म्हटलं, हे त्यात नसेल. कुणाला रचायची असेल तर जरूर रचावी, खाली स्वतःचं नाव घालावं. मामांच्या फाइलीत ती नको.

तीन फ्लॉपींतली भोकं आता कधीच भरणार नाहीत. चौथीतलं एक उरलं आहे. तिचा पाच फेऱ्यांचा ठसा मी तीन ठिकाणी ठेवला आहे, आणि मूळ फ्लॉपी मामींना परत दिली. ती पुन्हा शिवणाच्या डब्यात गेली आहे. माझ्यापेक्षा तिथेच ती जास्त सुरक्षित राहिली होती.